थोरलीचा शेगडा

गल्लीत तिला सगळे थोरली म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. बाप सुतार होता आणि कारखान्यात दिवसभर त्याची हाक चालायची, "थोरले, पटाशी आण," "थोरले, ह्याचं टोक धर." ती हाक आधी गिऱ्हाइकांनी उचलली, मग शेजाऱ्यांनी. खरं नाव कागदोपत्री होतं, ते तिथेच राहिलं.

तिने लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर म्हणायची, "एक स्थळ आलं होतं. त्यांच्या घरी गेलो तर एकही दार धड लागत नव्हतं आणि कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं. म्हटलं, इथे माझा निभाव लागायचा नाही." खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण बापामागे कारखाना तिने आणि धाकट्या भावाने मिळून चालवला, हे खरं. भाऊ बोलायला गोड, ती तिखट. भाऊ गिऱ्हाईक आणायचा आणि ती दोन शब्दांत त्याला घालवायची. तरी गिऱ्हाईक परत यायचं, कारण तिने बसवलेली खिडकी वाऱ्यात कधी खडखडली नाही.

पन्नाशी ओलांडली आणि एका सकाळी तोंड धुताना तिच्या डाव्या हातातला तांब्या सुटला. उचलायला वाकली तर हात ऐकेना. मग पायही ऐकेना. पुढचं तिला नीट आठवत नाही. दवाखान्यातून घरी आली तेव्हा पाय जरा ओढत का होईना, चालत होता. डावा खांदा हलायचा, कोपर वाकायचं, पण बोटं मिटायची नाहीत. ती अर्ध्यावर येऊन थांबायची, एखाद्या हट्टी पोरासारखी.

"जीव वाचला हे काय थोडं झालं?" डॉक्टर म्हणाले.

"वाचला खरा. आता त्याचं करू काय, तेही सांगा."

डॉक्टरांनी दाबायला एक मऊ चेंडू दिला. थोरलीने तो घरी आणला, पलंगावर बसून दोन-चार वेळा दाबायचा प्रयत्न केला आणि उजव्या हाताने नेम धरून खिडकीबाहेर भिरकावला. भावजय तो उचलून आणायला खाली धावली. "वन्सं, असं काय हो लहान मुलासारखं!"

"लहान मुलांचीच वस्तू आहे ती. द्या कुणाला तरी."

घर वर होतं आणि कारखाना खाली. महिनोनमहिने ती वरच होती. खालून वेगळेच आवाज येत होते, रंध्याची सरसर नाही, करवतीची लय नाही, नुसती एक लांबलचक किंचाळी. विचारलं की भाऊ म्हणायचा, "मशीन आणलंय ताई. तू बरी हो, मग दाखवतो."

ती बरी झाली नाही. वाट बघून कंटाळली आणि एका दुपारी भिंतीला धरून जिना उतरली.

कारखाना तिने ओळखला तो फक्त छतावरून. खाली सगळं पालटलं होतं. मधोमध प्लायवूड कापायचं मशीन, भिंतीला चकचकीत तक्ते, पुढच्या बाजूला काचेचं दर्शनी दालन आणि त्यात फिरत्या खुर्चीचं काउंटर. बापाचा जाडजूड बाक जिथे होता तिथे आता डिंकाचे डबे रचलेले.

"ये ताई," भाऊ लगबगीने पुढे आला. "ही खुर्ची तुझी. बसून फक्त लोकांशी बोलायचं. काही उचलायचं नाही, काही धरायचं नाही."

"लोकांशी बोलायचं? मी?" थोरली म्हणाली. "दुकान बंद पाडायचंय का तुला? बाक कुठे आहे?"

"वाळवी लागली होती त्याला. फोडला."

"आणि शेगडा?"

भावाने मागच्या दाराकडे पाहिलं. मागच्या बोळातून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला.

बोळात भंगारवाल्याची हातगाडी उभी होती. तीवर मोडके पंखे, गंजलेले पत्रे आणि सगळ्यांच्या वर तो शेगडा. बाकाच्या कडेला बसवायचा, सुताराचं लाकूड पकडून ठेवणारा. दोन रुंद लोखंडी जबडे, मध्ये मळसूत्र, दोन्ही बाजूंना सरकायचे दांडे. गळक्या नळाखाली पडून पडून तो गंजाने फुलला होता. हात लावला की लाल पापुद्रे निघत होते. जबड्यांच्या आतल्या लाकडी फळ्या कुजून गेल्या होत्या.

"उतरव तो," थोरली म्हणाली.

"बाई, मालकांनीच दिलाय," भंगारवाला म्हणाला.

थोरलीने वाद घातला नाही. हातगाडीच्या कठड्यावर उजवा हात टेकून ती वर चढली आणि शेगड्याशेजारी बसली. "चल मग. मलाही घेऊन चल. दोघांचं वजन एकदमच कर."

भंगारवाल्याने भावाकडे पाहिलं, भावाने बायकोकडे. भावजयीने पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की लाज लपवायला, ते कळलं नाही. बोळाच्या तोंडाशी माणसं जमायला लागली तसा भाऊ चरफडत म्हणाला, "उतरव रे बाबा. दोघांनाही उतरव."

"काय करणार तू त्याचं?" नंतर त्याने विचारलं.

"उघडणार."

"आणि मग?"

"मग बंद करणार. शेगड्याचं आणखी काय करतात?"

तिने त्याला सांगितलं नाही, पण डोक्यात हिशेब पक्का होता. एका हाताने रंधा मारता येतो, पटाशीही चालवता येते. पण ज्यावर मारायची ते लाकूड धरायचं कुणी? बाजारातले साधे शेगडे तिच्या कामाचे नव्हते. एका हाताने लाकूड धरायचं आणि दुसऱ्या हाताने दांडा गरागरा फिरवत बसायचं, अशी त्यांची तऱ्हा. ह्या जुन्या शेगड्याला मुठीपाशी एक खटका होता. खटका दाबला की मळसूत्र मोकळं होऊन जबडा नुसता सरकायचा. लाकूड पोटाने दाबून धरायचं, उजव्या हाताने जबडा त्याला भिडवायचा, अर्धा वळसा दिला की पक्कं. दुसरा हात नसला तरी चालतं. मात्र तो खटका आता दगडासारखा बसला होता.

तिने मागची मोरी ताब्यात घेतली. कपड्यांची मोठी परात रॉकेलने भरली आणि शेगड्याचं तोंड त्यात बुडवून ठेवलं.

"वन्सं, ती कपड्यांची परात आहे," भावजय म्हणाली.

"होती."

पहिली अडचण आली ती खिळे ठोकण्यापासूनच. शेगडा उघडायचा तर तो हलता कामा नये, आणि न हलता धरायला दुसरा शेगडा हवा. म्हणून तिने जमिनीवर जाड फळी टाकली आणि तीवर चारही बाजूंनी लाकडाचे तुकडे ठोकून शेगड्यासाठी खोबण करायचं ठरवलं. खिळा धरायला बोटं नव्हती. ती घरात गेली, भावजयीची फणी उचलून आणली, खिळा फणीच्या दातांत अडकवला, फणी पायाच्या अंगठ्याखाली दाबली आणि ठोकला.

"माझी फणी!" भावजय दारातून ओरडली.

"दोनच दात गेलेत. तुमचे केस तरी कुठे तेवढे राहिलेत आता?"

भावजय रागाने निघून गेली. संध्याकाळी तिनेच चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "मी धरू का काही?"

"नको."

दुसरी अडचण मागच्या खिळीची. मळसूत्राच्या शेपटाला एक लोखंडी खिळी आरपार ठोकलेली होती. ती निघाल्याशिवाय काहीच निघणार नव्हतं. तिच्यावर ठोकणी उभी धरून हातोडा मारायचा, म्हणजे पुन्हा दोन हात. थोरली बराच वेळ बघत बसली. मग लाकडाच्या एका ठोकळ्याला भोक पाडलं, ठोकळा खिळीवर ठेवून गुडघ्याने दाबला आणि ठोकणी भोकात सोडली. ठोकणी एकटीच ताठ उभी राहिली. थोरलीने हातोडा मारला. काही नाही. पुन्हा मारला. रॉकेल घातलं, मेणबत्तीने शेकवलं, पुन्हा मारला. बोळापलीकडच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "अहो, दुपारची वेळ आहे!"

"माझ्याकडेपण दुपारच आहे!" थोरली ओरडली.

खिळी निघाली ती दोन-तीन दिवसांनी, अगदी सहज, जणू तिला कधी अडकायचंच नव्हतं. मग मागची पट्टी सुटली, दांडे सुटले, आणि पुढचा जबडा मळसूत्रासकट सरसर बाहेर आला. आत वर्षानुवर्षांचा लाकडाचा भुसा तेलात मळून काळा डांबरासारखा झाला होता. तिने तो खिळ्याच्या टोकाने उकरला. एकेका आट्यात तारेचा ब्रश फिरवला. मळसूत्राचे आटे शाबूत होते. खटक्यामागची स्प्रिंग मात्र तुटली होती. तिने एका जुन्या दाराची स्प्रिंग कापून तिथे बसवली. तिसऱ्या खेपेला लांबी बरोबर जमली.

घरात तिचा दरारा वाढला होता. अंगाला रॉकेलचा वास, नखं काळी, आणि चेहऱ्यावर आजारपणात कधी दिसली नव्हती अशी टवटवी. डावा हात ती आता कामाला जुंपत होती. त्याच्या मनगटाला पॉलिशचा कागद बांधायची आणि सगळा हातच लोखंडावर मागे-पुढे ओढायची. "फुकट खातोस," म्हणायची त्याला, "निदान घासायला तरी ये."

आणि मग तिने स्वतःच स्वतःचा घात करून घेतला.

घासूनपुसून झालेला पुढचा जबडा उन्हात न्यायचा होता. भावजय म्हणाली, "थांबा, मी घेते एका बाजूने." थोरली म्हणाली, "इतके दिवस मी एकटीने केलंय." जबडा तिने छातीशी कवटाळला, उंबरा ओलांडला आणि ओढणारा पाय उंबऱ्याला अडकला. ती पडली गवताच्या पेंढीवर पडावं तशी, अलगद. जबडा पडला फरशीवर. टण्ण असा एकच आवाज झाला आणि जबड्याचा एक कान, जिथे लाकडी फळी स्क्रूने बसते तो कोपरा, तुटून मोरीपर्यंत घरंगळत गेला.

आवाजाने भाऊ धावत आला. आधी बहिणीला लागलं नाही ना ते पाहिलं. मग जबड्याकडे पाहिलं. काळजी ओसरली तसा राग वर आला. "झालं? फिटली हौस? किती वेळा सांगितलं ताई, तुझ्याच्याने होणार नाही. हे का आम्ही तुझ्या वाइटासाठी सांगतो?"

थोरली उंबऱ्यावर तशीच बसून राहिली. भाऊ गेल्यावर भावजयीने तुटलेला तुकडा शोधून आणला, पदराने पुसला आणि तिच्या मांडीवर ठेवला. तेव्हा थोरली रडली. फार नाही. रडून झाल्यावर तुकडा जबड्याला लावून पाहिला. कड कडेला बरोबर बसत होती.

"तुम्हाला वेळ आहे का सकाळी?" तिने भावजयीला विचारलं.

"कशाला?"

"वेल्डरकडे जायचंय. हे मला एकटीला उचलायचं नाही."

वेल्डरचं दुकान रस्त्याच्या टोकाला, दोन पत्र्याच्या खोल्यांचं. एकीत तो काम करायचा आणि दुसरीत मोडतोड टाकायचा. दोघींनी जबडा त्याच्या पुढ्यात ठेवला तेव्हा त्याने डोळ्यांवरचा चष्मा वर केला आणि मान हलवली.

"बीड आहे हे, ओतीव लोखंड. बीडाला वेल्डिंग धरत नाही. फेकून द्या ताई."

"वेल्डिंग कोण म्हणतंय? पितळेने सांध."

"सांधेन. उद्या तडकलं की माझ्या नावाने बोंब मारू नका."

"तुझ्या नावाने बोंब मारायला मला कारण लागतं होय?"

वेल्डर हसला. त्याने जबडा आधी सगळीकडून हळूहळू तापवला. एकाच जागी तापवला तर दुसरीकडे तडा जातो, हे दोघांनाही ठाऊक होतं. कड लाल झाली तशी पितळेची कांडी वितळून फटीत पाझरली. जबडा त्याने राखेच्या डब्यात पुरला. थोड्या वेळाने उत्सुकतेने राख उकरायला गेला तर थोरलीने त्याच्या हातावर चापट मारली.

"पूर्ण थंड होऊ दे."

"किती वेळ बसणार इथे?"

"मला कुठे आग विझवायला जायचंय?"

भावजय घरी गेली, स्वयंपाक करून परत आली, तरी थोरली तिथेच बसलेली. उन्हं कलल्यावर जबडा निघाला. काळ्या लोखंडावर पितळेची एक पिवळी, वेडीवाकडी रेघ उठली होती. वेल्डर म्हणाला, "घासून देऊ का? दिसणार नाही."

"दिसू दे," थोरली म्हणाली. "मला काय तोंड लपवायचंय?"

जोडणीला वेळ लागला नाही. उघडताना प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला तसाच तिने पोत्यावर मांडून ठेवला होता. उलट्या क्रमाने तो परत गेला. जबड्यांना टणक लाकडाच्या नव्या फळ्या बसवल्या. त्या तिने भिंतीला अडवून एका हाताने रंधल्या होत्या, म्हणून जरा उंचसखल होत्या. वंगण घातलं, एका जुन्या जाड दाराला पाय ठोकून बाक केला आणि शेगडा त्याच्या कडेला बोल्टने आवळला. बोल्ट आवळताना पाना भावजयीच्या हातात होता. थोरली नुसती म्हणत होती, "अजून. अजून. अहो, जेवलात ना?"

मग तिने एक फळी घेतली, पोटाने बाकाला दाबली, खटका दाबला. जबडा तेलात सरकल्यासारखा पुढे आला आणि फळीला भिडला. अर्धा वळसा. तिने फळी सोडली. उजव्या हाताने हलवून पाहिली. आणखी जोर लावला असता तर फळीऐवजी बाकच हलला असता. तिने रंधा घेतला. पहिली साल निघाली ती तुकड्या-तुकड्यांनी, तिसरी लांब, सलग, कागदासारखी. भावजयीने ती बोटावर गुंडाळून पाहिली आणि एकदम म्हणाली, "अहो वन्सं, झालं की!"

दारात भाऊ उभा होता. तो कधी आला ते कळलं नव्हतं. तो जवळ आला, मूठ फिरवून पाहिली, खटका दाबला, पुन्हा दाबला. त्याचा चेहरा उजळला.

"ताई, कमाल केलीस. हा पुढे ठेवू आपण. काचेच्या दालनात!"

"काय?"

"अगं, लोकांना जुन्या वस्तू फार आवडतात हल्ली. ह्याला सोनेरी रंग देऊ. वर दिवा सोडू. आणि तू बाजूला रंधा घेऊन बस. लोक फोटो काढतील. बाबांचाही एक फोटो लावू मागे. काम करायची गरजच नाही, नुसतं बसायचं."

तो मनापासून बोलत होता. बहिणीला मान द्यावा असंच त्याला वाटत होतं. थोरलीला ते कळत होतं, म्हणून तिने पहिला आलेला शब्द गिळला आणि दुसरा वापरला.

"हा शोभेचा नाही. आणि मीही नाही."

"पण ताई, इथे बोळात बसून तू काय करणार? कोण येणार इथे? आणि मशीनला जागा कमी पडतेय, हा बोळही मला लागणार आहे."

"घे की."

"म्हणजे?"

"बोळ घे. मोरी घे. फिरती खुर्चीपण तुलाच ठेव. मी चालले."

भावाला वाटलं, रागाच्या भरात बोलतेय, सकाळी शांत होईल. सकाळी ती वेल्डरच्या दुकानी होती. मोडतोड टाकायची ती खोली तिने मागितली. वेल्डर म्हणाला, "छत गळतं." ती म्हणाली, "माझं डोकं कुठे गळतंय?" खोली रिकामी करायला तिने सकाळ घालवली, आणि दुपारी बाक न्यायला परत आली.

बाक जड होता. एका बाजूला शेगड्याचं वजन, त्याने तो तोलही धरत नव्हता. कारखान्यातले कारागीर मालकाकडे बघत उभे राहिले. मालक काउंटरपाशी पाठ फिरवून उभा. तेव्हा भावजयीने पदर खोचला आणि बाकाचं दुसरं टोक धरलं.

"तू कुठे चाललीस?" भाऊ म्हणाला.

"टोकापर्यंत," भावजय म्हणाली. "स्वयंपाक झाकून ठेवलाय. वाढून घ्या."

भर रस्त्यातून त्या दोघी बाक घेऊन निघाल्या. दर काही पावलांनी खाली ठेवायच्या, दम खायच्या, पुन्हा उचलायच्या. थोरली उजवा हात आणि उजवा खांदा लावत होती, पाय फरफटत होता. कुणीतरी पुढे झालं, "द्या, मी घेतो." थोरली थांबली, त्या माणसाला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "शेगड्याच्या बाजूला लागा. अलीकडे आम्ही आहोत." तो लागला. मग आणखी एक जण लागला.

सुरुवातीची कामं वाईट झाली. एक ड्रॉवर तिने केला तो सांध्यात उघडाच राहिला. भावजय म्हणाली, चालेल, कुणाला कळतंय? थोरलीने तो हातोड्याने मोडला. दुसरा बरा झाला. पूर्वी जे काम ती दिवसात उरकायची त्याला आता आठवडा लागायचा, आणि ते ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. "घाई असेल तर रस्त्याच्या त्या टोकाला माझा भाऊ आहे. संध्याकाळपर्यंत देईल. टिकेल किती ते त्यालाच विचारा." काही जण तिकडे जायचे. काही थांबायचे. डावी बोटं काही मिटली नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, व्यायाम करता का? तिने तळहात पुढे केला. मनगटावर पॉलिशच्या कागदाने घट्टा पडला होता. डॉक्टर त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, चालू ठेवा.

भाऊ पावसाळा सरत येईपर्यंत फिरकला नाही. एका रविवारी आला, दारात उभा राहिला, छताकडे बघून म्हणाला, "गळतंय."

"माहीत आहे."

"पत्रा बदलायला हवा."

"बदल की मग."

तो आत येऊन खोक्यावर बसला. थोरली एका खिडकीची चौकट रंधत होती. मग तो म्हणाला, "ते टोक धरू का?"

"धरायला आहे माझ्याकडे," थोरली म्हणाली आणि शेगड्याची मूठ पाव वळसा आणखी आवळली. "तू झाडू घे. पायाखाली किती भुसा झालाय बघ."

भाऊ उठला. झाडू कुठे असतो ते त्याला ठाऊक नव्हतं. तिने रंधा न थांबवता हनुवटीने कोपरा दाखवला.